आबा, तुमचं तोंड कुणीकडं होतं

आबा, काल परत एक जण दादाची खबर घेऊन आला. मी डेअरीवर दुधाचं फॅट लावत होते, हातात नमुन्याची नळी, समोर कॅन घेऊन उभी असलेली माणसं, आणि हा म्हातारा बाजूला काठी टेकवून उभा. कोकणातून मेंढ्या घेऊन परतीला लागलेला. गर्दी सरल्यावर पुढं आला आणि म्हणाला, "नदीकडल्या बाभळीखालच्या आबांची लेक तूच न्हवं?" मी व्हय म्हटलं, तसा तो खाली बसला. घाटाखाली एका वीटभट्टीवर त्याला एक मुकादम दिसला होता म्हणे. "नाक बघूनच म्हणलं, हे आबांचं नाक." मी त्याला चहा दिला, साय टाकून दिला, जसा तुम्ही द्यायला लावायचात. आणि तुमच्यासारखंच विचारलं, "उंचीला कसा व्हता?" तो म्हणाला, "चांगला उंचापुरा." दादा उंच नव्हता, आबा. तुम्हाला ते कधी आठवलं नाही, पण मिसरूड फुटलं तरी तो आईच्या खांद्यालाच लागायचा. तरी मी मान डोलावली, आणि केस पिकायला लागलेल्या या बयेचं तेच जुनं दुखणं उठलं. अजून. तुम्ही गेलात, आई गेली, त्याची खबर ऐकायला घरात माझ्याशिवाय कुणी उरलं नाही, तरी खबर येते ती त्याचीच. माझी खबर कोण कशाला आणेल? मी कुठं गेलेच नव्हते.

म्हणून आज लिहायला बसले. तुम्हाला अक्षरओळख नव्हती हे मला ठाऊक आहे, तेव्हा हे कुणी वाचून दाखवायचं हाही प्रश्नच आहे. पण तुमच्याशी भांडायचं राहून गेलंय, आणि तोंडानं भांडायची सोय तुम्ही ठेवली नाहीत.

त्या सकाळचं मला सगळं आठवतं. आपला वाडा, म्हणजे आपल्या आणि दोन्ही चुलत्यांच्या मेंढ्या, घोडी, कुत्री आणि पोरंबाळं, इनामगावच्या शिवारात नदीकडच्या मोकळ्या रानात बसला होता. रानमालकाला खत हवं होतं आणि आपल्याला धान्य. बाभळीखाली आईनं तीन दगड मांडले होते. दादाला मामाबरोबर दोन बोकडं घेऊन दौंडच्या बाजाराला जायचं होतं. त्यानं उभ्या उभ्या दुधात भाकरी कुस्करून खाल्ली, आई म्हणाली, "बसून खा की रं," आणि तो तोंडात घास घेऊन नुसता हसला. माझ्या वेणीला एक हिसका देऊन गेला. संध्याकाळी मामा एकटेच आले. बोकडं विकली होती. स्टेशनाबाहेर दोघांनी चहा घेतला, मग दादा म्हणाला, "मामा, तुम्ही व्हा म्होरं, मी आलोच." मामा बसस्टँडवर थांब थांब थांबले आणि शेवटी त्यांना वाटलं, पोरगं ट्रकबिकात बसून पुढं गेलं असेल. तेवढंच. याच्या पुढं कुणालाच काही माहीत नाही. आजवर झालं ते सगळं या एका वाक्याच्या पुढं लोकांनी आपापल्या मनानं जोडलेलं आहे.

तुम्ही दौंडला गेलात, स्टेशन पालथं घातलंत, हमालांना विचारलंत, पोलिसांकडं जाऊन आलात, आणि परत आल्यावर बाभळीखाली बसलात. दसरा झाला. कोकणात उतरायची वेळ आली, चुलत्यांनी घोड्यांवर बिऱ्हाड लादलं, कोंबड्या बांधल्या, लहानी पोरं वर बसवली, आणि तुम्ही जागचे हललाच नाहीत. थोरले चुलते चिडले. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी घोड्याच्या पायाशी उभी राहून ऐकलं. "चुकल्यालं कोकरू मेंढरांच्या खांडामागं धावत न्हाई. आईला शेवटचं जिथं प्यालं, तिथं माघारी येतं आन् उभं ऱ्हातं. आपुन हाललो तर त्यानं यायचं कुठं?" चुलते म्हणाले, "अरं बाबा, ते कोकरू न्हाई, माणूस हाय." तुम्ही म्हणालात, "मानसालाबी आईच असती की." चुलते गेले, धूळ खाली बसली, आणि त्या रानात आपण तिघं उरलो, थोड्या मेंढ्या, एक कुत्रं आणि ती बाभळ.

मेंढरांच्या बाबतीत तुमचं खरं होतं. मी स्वतः पाहिलंय, चुकलेलं पिल्लू सकाळी कालच्याच तळावर ओरडत उभं असतं. पण दादाला ते शहाणपण होतं की नाही हे तुम्ही कधी विचारात घेतलं नाहीत. सगळा जन्म मेंढरांत गेला, माणसाचा हिशोबही तुम्ही मेंढराच्याच मापानं केलात. चुलत्यांनी ते तेव्हाच ओळखलं होतं. मला ओळखायला फार वेळ लागला, कारण तुमच्या त्या चुकीवर माझं सगळं आयुष्य उभं आहे.

आपण थांबलो म्हणून मी शाळेत गेले. वाड्यावरच्या पोरींमध्ये माझ्याआधी कुणी गेली नव्हती. हाताशी आलेली पोरगी पहिलीच्या पोरांत बसली तेव्हा सगळी हसली, पण गुरुजी चांगले होते. ते एकदा वर्गात सगळ्यांसमोर म्हणाले, "हिच्या वडिलांनी हिच्या शाळेसाठी वाडा थांबवला. जाण ठेव बाई." आबा, त्या दिवशी मी घरी चालत आले नाही, उडत आले. वर्षभर मी ते वाक्य मनात घोळवत होते. पाढे पाठ केले ते तुमच्यासाठी, पाटीवर तुमचं नाव काढून तुम्हाला दाखवलं, तुम्ही त्यावरून बोट फिरवलंत आणि म्हणालात, "एवढुसंच हाय व्हय?" मग एकदा न्हावऱ्याची मावशी आली. मी मोठ्या तोऱ्यात तिला सांगितलं की आबांनी माझ्या शाळेपायी वाडा सोडला. मावशीनं तोंडावर पदर धरला आणि हसली. "तुझ्यापायी? अगं खुळे, पोरासाठी थांबलाय त्यो. तुला शाळंत घातली कारन हितं बसून करनार काय तू?" चुलीवर काहीतरी उतू गेलं म्हणून आई धावली, मावशी दुसऱ्या विषयाला लागली. कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. मला मात्र कळलं की माझ्या वाट्याला जे आलं ते त्याच्या ताटातून सांडलेलं आहे.

तेव्हापासून मी दादाचा हेवा करू लागले. जो समोर नाही त्याच्याशी भांडता येत नाही, त्याच्या खोड्या सांगता येत नाहीत, तो दिवसेंदिवस चांगलाच होत जातो. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, इथं तर म्हैस मेली की जिवंत हेही कळत नव्हतं, पण दूध रोज वाढत होतं. मामा सांगायचे की तो मिलिटरीत भरती झाला असणार, दौंडला फौजेच्या गाड्या थांबतात, पोरगं काटक, कुणीही उचलून घेतलं असतं. पुढच्या वर्षी मामांनी त्याला हवालदार केला. रानमालकाचं वेगळंच. आपल्या रानापलीकडं जिथं सरकारी माणसांनी जुन्या उजाड वस्तीची पांढरी माती उकरून मडकी आणि हाडं काढली होती, तिथं मेंढ्या चारताना त्याला सोनं घावलं असणार, आणि ते मोडायला तो मुंबईला गेला असणार. "गपचिप पोरगं व्हतं. गपचिपच मानसं अशी निघत्यात." मावशी म्हणायची एखाद्या दुसऱ्या वाड्यावर घरजावई होऊन बसला असेल, पोरगी देखणी असेल. एक ट्रकवाला म्हणाला गुजरातेत हॉटेलात पाहिला, गल्ल्यावर बसला होता. कुणी त्याला भांडी घासताना पाहिलं नाही. कुणी सांगितलं नाही की तो रुळावर गेला असेल, किंवा नदीत. ते आईला सांगायला कुणाची छाती नव्हती, आणि मनात सगळ्यांच्या तेच होतं, माझ्यासुद्धा.

खबर आणणाऱ्याला आपल्या घरात मान असायचा. चहा, गूळ-शेंगदाणे, आणि खबर जरा भरीव असली तर कोंबडं. मी चौथीत पहिली आले तेव्हा कोंबडं कापलं नव्हतं. मी हे तेव्हा बोलले नाही, आज बोलते. तो गुजरातचा ट्रकवाला रस्सा ओरपत होता आणि तुम्ही त्याच्या तोंडाकडं असं बघत होता की प्रत्येक घासाबरोबर दादा थोडा थोडा घरी येतोय. मी ताटं उचलली. तुम्ही त्याला विचारत होता, "उंचीला कसा व्हता?"

आणि त्या मेंढ्या. आपल्यात जावळ काढताना पोराच्या नावानं एक कोकरू सोडतात, ते मोठं होऊन जे वितं ते सगळं त्या पोराचं. दादाच्या मेंढीच्या कानाला एक चीर होती, माझ्या मेंढीच्या दोन. तुम्ही कांद्याच्या चाळीवर राखणीला लागलात, मेंढ्यांचं खांड सांभाळणं जमेना, तेव्हा व्यापारी बोलावला. दोन चिरांच्या सगळ्या गेल्या. एका चिरेच्या राहिल्या. माझ्या मेंढ्यांच्या बदल्यात मला थोरल्या शाळेला जायला सायकल आली हे खरं आहे, ती मी रोज हौसेनं पुसायचे हेही खरं आहे. पण संध्याकाळी दारात रवंथ करणाऱ्या त्या एका चिरेच्या मेंढ्या पाहिल्या की सायकल नकोशी व्हायची. मी त्यांना पाणी पाजायचे आणि मनात म्हणायचे, तुमचा मालक हवालदार झालाय, त्याला बोलवा पाणी पाजायला.

तुमची ती बसायची जागा. बाभळीखाली चुलीच्या दगडांशेजारी एक मोठा धोंडा होता, रोज दिवस कलला की तुम्ही त्यावर बसायचात, दौंडच्या रस्त्याकडं तोंड करून. मालकानं मागच्या रानात ऊस लावला तेव्हा तो चांगला डोक्यावर आला, माणसं म्हणायची, बघा तरी कसा तरारलाय, पण तुम्ही मागं वळून बघायचा नाहीत. आई हाक मारायची, मी हाक मारायचे, तुमची पाठच बोलायची. शेजारपाजारचे थट्टा करायचे, आबांना तोंड हाय का नुसता फेटा? सांज झाली की आम्हाला तुमचा फेटा आणि घोंगडीचं टोक, एवढंच माहीत.

त्या उसात मी एकदा लपले होते. तुम्हाला आठवत असेल. सहावीत असेन. त्या दिवशी दुपारी घरी भाकरी खाल्ली, आणि आईनं बोलता बोलता म्हटलं की दादा असता तर आज शिरूरला जाऊन अमुक आणलं असतं, तमुक आणलं असतं. मी ताटावरून उठले, दप्तर तिथंच टाकलं आणि उसात शिरले. म्हटलं, आता आपणही हरवू. बघू आपल्या नावानं किती चहा होतात ते. पानं कापत होती, अंगाला खाज सुटली होती, पण मी सरींमधून कडेला येऊन बसले, जिथून बाभळ दिसेल. आईचा आरडाओरडा ऐकला. त्या दिवशी आलेले मामा सायकल काढून फाट्याकडं गेले. मालकाचा गडी विहिरीत वाकून आला. आणि तुम्ही, आबा, चाळीवरून आलात, आईचं सगळं ऐकून घेतलंत, आणि जाऊन आपल्या धोंड्यावर बसलात. मला वाटलं आता उठाल, आता हाक माराल. तुम्ही तळहातावर तंबाखू मळत होतात. मळली, आणि तोंडात टाकायची विसरून पुन्हा मळायला लागलात, चुना कोरडा पडेपर्यंत. ओठ हलत होते, पण कुणाशी बोलत नव्हता. दिवस गेला, मला भूक लागली, भीतीही वाटली, आणि मीच उठून आले. आईनं पाठीत दोन धपाटे घातले आणि मग मिठी मारली. तुम्ही एवढंच म्हणालात, "आलीस? भाकर खा."

किती वर्षं मी हे लोकांना सांगितलं. मैत्रिणींना, नवऱ्याला, माझ्या पोरींना. की दादासाठी बापानं दौंड पालथं घातलं, वाडा सोडला, जात-धंदा सोडला, आणि मी हरवले तेव्हा तंबाखू मळत बसला. सगळ्यांना माझी कीव यायची, मलाही थोडी यायची. शेवटच्या आजारपणात तुम्हाला चमच्यानं पेज भरवली, अंथरूण बदललं, डेअरीतून रजा काढून उशाशी बसले, आणि तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "आला का?" मी म्हटलं, "न्हाई आबा, मीच हाय." तुम्ही "बरं" म्हणालात. त्या "बरं"वर मी अजून जळते. परत काही बोललाच नाहीत.

काल तो म्हातारा चहा पिऊन गेला आणि मी घरी येऊन पायरीवर बसले. तुम्ही घर बांधलंत ते त्याच जागी, बाभळ ठेवून. समोर ऊस आहेच, आता माझ्या जावयाचा. मनातल्या मनात मी तुमच्याशी भांडत होते, तोच जुना पाढा, वाडा, मेंढ्या, तंबाखू. तंबाखूपाशी आले आणि अडकले. आबा, मला तुमचा तळहात दिसत होता. उसातून. चुना पांढरा पडलेला दिसत होता, ओठ हलताना दिसत होते. रोजच्यासारखे बसला असतात तर मला तुमचा फेटा दिसला असता आणि घोंगडीचं टोक, आणखी काही नाही. मी उठले, या वयात खुळ्यागत उसाच्या कडेला जाऊन उकिडवी बसले आणि तिथून धोंड्याकडं पाहिलं. रस्ता धोंड्याच्या पलीकडं आहे. उसातून तोंड दिसायचं तर माणसानं दौंडच्या रस्त्याकडं पाठ करून बसायला हवं.

म्हणजे त्या संध्याकाळी तुम्ही उलटे बसला होता. मी त्या दुपारी शेवटची भाकरी खाल्ली ती त्याच चुलीपाशी, आईच्या हातची. तुम्ही मला शोधायला कुठं गेला नाहीत, कारण तुमच्या हिशोबानं मी तिथंच माघारी येणार होते, आणि कोकरू बुजलेलं असलं की त्याला हाकारत नाहीत. कदाचित मी कुठं बसलेय हेही तुम्हाला ठाऊक असेल, उसाची पानं हलताना तुम्हाला कळली नाहीत असं कसं होईल? तुम्ही मला सांगायला काय हरकत होती? एक शब्द, आबा. "माझं तोंड तुझ्याकडं व्हतं." एवढा एक शब्द टाकला असतात तर मी एवढी वर्षं त्या मेंढ्यांवर दात खाल्ले नसते.

आता हेही खरं की मामांनी हवालदार केला, मालकानं सोनं काढून दिलं, तसं मी हे काढलं नसेल कशावरून? मनाला हवं ते डोळ्यांना आठवतं. जे पाहिलं ते तीस वर्षांपूर्वीच्या पोरीनं, भुकेल्या आणि रडक्या. पण चुना पांढरा होता, यावर मी हटणार नाही. हे मी कुणाला सांगणार नाही, पोरींनासुद्धा. इतक्या जणांनी दादाच्या खबरी वाटून खाल्ल्या, ही एक माझी, मी एकटीच खाणार. कागदही कुठं धाडायचा नाहीच आहे.

एकच सांगून टाकते. काल अंधार पडेपर्यंत मी त्याच धोंड्यावर बसले होते, दौंडच्या रस्त्याकडं तोंड करून. तो आलाच, वीटभट्टीवरून नाहीतर कुठूनही, तर त्याला दारातच थांबवून आधी हे ऐकवणार आहे, की एका सांजेला आबांची पाठ तुझ्या रस्त्याकडं होती. मग हात धुवायला पाणी देईन, आणि भाकर वाढीन.